सहावी पीन

रविवारी दुपारी आम्ही खाट ताणायला घेतली. लोखंडी खाट, नवार पार झोळीसारखी झालेली. मी आडवा झालो की पाठ फरशीला टेकायची तेवढी बाकी राहायची. मी एका बाजूनं पट्टी ओढायचो, हौसा दुसऱ्या बाजूनं दाबून धरायची, मग पुढची पट्टी. आडव्या पट्ट्या बारा. सहा झाल्या तेव्हा माझी कंबर भरून आली.

"बाकीच्या उद्या करू," मी म्हणालो.

"अर्ध्यात सोडू नये ओ. झालेलं बी ढिलं पडतंय."

"पडू दे. कंबर मोडली माझी."

"तुमची कंबर कामाच्या टायमालाच बरी मोडती."

तेवढ्यात नळाला पाणी आलं. दिघ्यात आमच्या गल्लीत पाणी तासभर येतं. त्या तासापुढं खाट काय आणि नवरा काय. ती उठली, पण उठायच्या आधी नवारीचं टोक खाटेच्या पायाला करकचून बांधलं आणि मला दम भरला, "उद्या सकाळी चाच्या आदी पयलं हे."

आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. दोन हंडे भरले आणि ती उंबऱ्यावर बसली ती बसलीच. रिक्षा ऐरोलीच्या दवाखान्यात पोचली तोवर सगळं आटपलं होतं. त्याचं जास्त लिहीत नाही. दवाखान्याचं लिहून बाई कळत नाही. हौसा माझी बायको होती म्हणून हे लिहितोय असं नाही, बायका सगळ्यांना असतात. ती जे काम करायची ते फार थोड्यांना माहीत आहे, आणि ज्यांना माहीत आहे त्यातला मी एक. मी चौथी शिकलेला. चुका होतील.

हौसाच्या मंगळसूत्राला सहा पिना असायच्या. आमच्याकडच्या सगळ्याच बायका पिना लावतात, पण हिच्या पिना म्हणजे हत्यारं. गाठ सोडवायची, काटा काढायचा, नाडी ओवायची, वायरीच्या टोकावरचं वार्निश खरवडायचं, सगळं पिनेनं. शेजारणीनं मीठ नेलं, पीठ नेलं, हिनं कधी विचारलं नाही. पीन नेली की दुसऱ्या दिवशी दारात उभी. "माझी पीन." सकाळी घरातून निघताना आणि संध्याकाळी परत आल्यावर अंगठ्यानं एकेक सरकवत मोजायची. मी हसायचो. म्हणायची, "हसा. सा म्हंजे सा."

आम्ही साताऱ्याकडचे. इकडं आलो तेव्हा मी महाप्याच्या एका कारखान्यात चेनकुप्पीवर लागलो. चेनकुप्पी म्हणजे साखळी ओढून जड वस्तू उचलायची ती कप्पी. ही दिघ्यातच एका दुकानात पंख्याच्या आणि पाण्याच्या मोटारी बांधायची. मोटार बांधायची म्हणजे तिच्या आतली तांब्याच्या वायरीची वेटोळी गुंडाळायची. पुढं आमच्या कारखान्यात वाइंडिंगला बायका हव्या होत्या, तेव्हा मीच तिला नेली. वर्षभरात ती त्या खात्याची मुकादम झाली आणि मी चेनकुप्पीवरच राहिलो. कारखान्यात ती माझं नाव घ्यायची नाही. कुणी विचारलं तर, "चेनकुप्पीवाले? त्ये तिकडं लोंबकळत असत्याल."

तिचं मोजणं हा सगळ्यांच्या चेष्टेचा विषय. एका वेटोळ्याला एकशेवीस वेढे. आकडे म्हणत बसलं की माणूस चुकतो, असं तिचं मत. म्हणून तिनं आपल्या माहेरची वाट धरली होती. सातारा सोडल्यापासून तिच्या आईच्या दारापर्यंत बारा खुणा: वाढे, शिवथर, देऊर, वाठार, मग ओढा, चिंचेचं झाड, बंधारा, असं करत करत शेवटी दार. दहा वेढे झाले की एक खूण. आईच्या दारात पोचली की वायर कापायची. मधे कुणी बोललं तर हात थांबवायची नाही, तोंडानं फक्त सांगायची, "थांबा, देऊर जाऊ द्या."

हात थांबवायचा नाही हा तिचा कायदाच होता. वायर सारखी ताणलेली राहिली पाहिजे. "हात सैल सोडला की वेटोळं गेलं," हे ती नव्या बायकांना पहिल्या दिवशी सांगायची. त्या वायरीनं तिच्या बोटांना अशा खाचा पडल्या होत्या की बोटाला ऊन-गार कळायचं नाही. आमच्या सुनीताला लहानपणी ताप आला की ही कपाळाला हात लावायची नाही, गाल लावायची.

आता ते वेटोळं कशासाठी, ते सांगायला पाहिजे.

मेहेंदळे साहेब म्हणून एक इंजिनियर आमच्याकडं आले. तरुण, सडपातळ, सारखे स्वतःशी पुटपुटणारे. त्यांनी दांडे तपासायचं यंत्र उभं केलं. दांडा म्हणजे मोठ्या कॉम्प्रेसरच्या पोटात फिरणारा, माझ्या उंचीचा, चकत्या बसवलेला. तो मिनिटाला हजारो फेरे फिरतो. एखाद्या वेगाला पोचला की थरथरतो. थरथर लगेच शमली तर ठीक, वाढत गेली तर कॉम्प्रेसर फाटतो आणि जवळ उभ्या माणसाचं काही खरं नाही. म्हणून आधीच बघायचं, की ह्याला फिरता फिरता हिसका दिला तर हा शांत होतो का. थांबलेल्या दांड्याला हातोडीनं ठोकून बघता येतं. पळत्या दांड्याला हातोडी कोण लावणार?

त्यावर साहेबांनी लोहचुंबक लावला. दांड्याभोवती लोखंडी कडं, कड्याला आतून आठ दात, प्रत्येक दातावर हौसानं बांधलेलं एक वेटोळं. करंट सोडला की दात दांड्याला ओढतो. शिवत नाही, मधे नखाच्या जाडीएवढी फट राहते. एका बाजूचा करंट वाढवायचा, दुसऱ्या बाजूचा कमी करायचा, असं भराभर केलं की पळता दांडा पाहिजे तसा हलतो. तो कसा हलला ते कागदावर रेघेत उमटतं. साहेब त्या कड्याला मॅग्नेटिक बेअरिंग म्हणायचे.

साहेबांनी हे सगळं बायकांना फळ्यावर काढून समजावलं. बाकीच्या माना हलवत होत्या. हौसा म्हणाली, "म्हंजे बैल घेतानाचं हाय हे."

"बैल?"

"उबा बैल समदाच चांगला दिसतोय सायेब. त्येला चालवायचा, आन् चालता चालता हळूच डिवचून बगायचं, बिचकतोय का. तुमी दांडा डिवचताय."

साहेब खडू धरून उभेच राहिले. मग पुढं कारखान्यात कुणी पाहुणा आला की त्याला तेच सांगायचे, "आम्ही इथं बैल डिवचतो." नाव हौसाचं घ्यायचे, हे त्यांचं मला आवडलं.

पहिल्या कड्याची सात वेटोळी झाली आणि आठव्यात एके ठिकाणी वेढ्यावर वेढा चढला. मेगर, म्हणजे करंट गळतो का ते दाखवणारं मीटर, लावून बघितलं, करंट कुठं फुटत नव्हता. साहेब म्हणाले, "चालेल हौसाबाई, राहू द्या."

"तुमास्नी चालंल. त्या वायरीला न्हाई चालायचं. एक वेढा दुसऱ्याच्या छातीवर बसलाय, रोज हलून हलून घासंल." असं म्हणून तिनं सगळं उकललं आणि पुन्हा वाढ्यापासून निघाली. साहेब घड्याळ बघत बसले. वाठारला तिनं मान वर केली आणि म्हणाली, "चा घ्या जावा, मला अजून लांब जायाचं हाय."

शेठनं एक नियम केला होता. शेठ म्हणजे कारखान्याचे मालक. जिथं दांडा फिरतो तिथं बाई जाणार नाही. पदर आणि फिरता दांडा एका खोलीत नको. नियम काही वेडगळ नव्हता. पण वेटोळ्याची टोकं आमचे गडी बांधायचे आणि ती ढिली पडायची. हौसा शेठला म्हणाली, "पोरगी माझी, आन् बाशिंग दुसऱ्यानं बांदायचं?" शेवटी शेठ म्हणाले, "तू एकटी जा. पदर खोचून. आणि काही झालं तर तुझं सगळं खातं बंद." खात्यात ही धरून चार बायका. त्यातल्या एकीचा नवरा अंथरुणावर, एकीला नवराच नाही, तिसरीच्या घरी काय होतं ते मी लिहीत नाही. त्या चुली त्या खात्यावर होत्या.

आणि झालं.

एका पार्टीनं तपासायला दांडा पाठवला होता. मीच तो चेनकुप्पीनं उचलून यंत्रावर ठेवला. दुपारपर्यंत चाचणी चालली आणि कागदावरची रेघ वेडीवाकडी आली. हिसका दिला की दांडा एका बाजूला नीट उत्तर द्यायचा, दुसऱ्या बाजूला भलतंच. पार्टीचे साहेब टाय लावून आलेले. ते म्हणाले, "तुमचं यंत्र खोटं." आमचे शेठ म्हणाले, "दांड्याला तडा असेल." मेहेंदळे साहेब कागद उलटसुलट करत बसले. ठरलं असं, की उद्या सकाळी पूर्ण वेगानं पळवायचा. तेव्हाही असंच आलं तर दांडा भंगारात.

संध्याकाळी घरी आल्यावर हौसानं पिना मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग पातेलं चुलीवरून उतरवून खाली बसली.

"आवो, पाचच हायत."

"पडली असेल कुठं."

"पडली न्हाई. गेली." तिला सगळं आठवलं. सकाळी चाचणीच्या आधी ती कड्याजवळ वाकून टोकं बांधत होती. जुनी गाठ सुटेना म्हणून पीन काढली, गाठ सोडवली, पीन परत अडकवली, तेवढ्यात चहाची घंटा झाली. पीन नीट मिटली का ते बघितलं नाही. आणि साहेबांनी कड्याच्या बाकीच्या दातांत थोडा करंट सोडून ठेवला होता. "त्यानंच वढून घेतली. आत बसलीय ती. दांडा हलला की तिला घासतोय, आन् रेघ वाकडी जातीय."

मी काय बोललो ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी म्हणालो, "गप्प बस. कुणी बघितलेलं नाही. दांडा त्यांचा, यंत्र साहेबांचं, आपलं काय जातंय? बोललीस तर चौघींचं काम जाईल."

"आन् न्हाई बोलली तर?"

"तर दांडा जाईल. लोखंडच आहे."

तिनं पाचही पिना पुन्हा एकदा सरकवल्या. मग म्हणाली, "चांगला बैल कसायाच्या दावणीला बांदायचा, माज्या पिनंपायी? आन् उद्या फुल पळवणार हायत. तितं साखळीशी तुमीच उबं असता न्हवं?"

तिनं दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि झोपली. घोरलीसुद्धा. झोप माझी गेली.

सकाळी सगळे यंत्राभोवती जमलेले. शेठ, पार्टीचे साहेब, मेहेंदळे, आणि मी साखळीशी. हौसा पदर खोचून सरळ आत आली. हाताच्या इशाऱ्यानं साहेबांना थांबवलं.

"चालू करू नका. आत माजी पीन हाय."

मेहेंदळे साहेबांनी बॅटरी घेतली, दातांचा डॉक्टर वापरतो तसला छोटा आरसा घेतला आणि कड्याखाली अक्षरशः लोळण घेतली. दोन मिनिटांनी आतून आवाज आला, "आहे! दोन दातांच्या मधे आडवी आहे." चिमट्यानं काढली. पीन वाकडी झालेली, डोकं घासून चकचकीत.

शेठ जे सुटले ते सुटलेच. "हेच! ह्यासाठीच बायका नको म्हणत होतो! उद्यापासून चौघी बंद! एक नाही, चौघी!"

हौसानं त्यांना पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाली, "पिना चौघींच्या अंगावर हायत शेठ, पडली माजी. मला बंद करा. त्यांनी काय केलं?"

"मी सांगितलं होतं, सगळं खातं बंद—"

"आन् तुमच्या कमरंला चाव्यांचा जुडगा हाय. परवा तुमी बी हितंच वाकून बगत हुता. तो वढला गेला असता, तर कुनाला बंद केलं असतं?"

सगळ्यांनी शेठच्या कमरेकडं बघितलं. शेठनंही बघितलं. पार्टीच्या साहेबांनी गुपचूप आपल्या खिशातलं स्टीलचं पेन काढून मागच्या टेबलावर नेऊन ठेवलं. ते बघून माझा चेनकुप्पीचा दुसरा गडी फिस्सकन हसला आणि शिव्या खाल्ल्या त्यानं.

मग दांडा पळवला. आधी हळू, मग जोरात, मग पूर्ण. आठही वेटोळ्यांनी त्याला चहूबाजूंनी डिवचला. रेघ अशी आली, की मेहेंदळे साहेब कागद धरून हसायला लागले. दांडा चांगला होता. पहिल्यापासून चांगला होता. पार्टीचे साहेब शेठना म्हणाले, "बाई बोलल्या नसत्या तर मी हा भंगारात काढला असता."

तरी शेठनं तिला काढलंच. मालकाला शब्द गिळता येत नाही. पण तिघींना ठेवलं. हौसा घरी आली, दिघ्यातल्या जुन्या दुकानात पंखे बांधायला बसली, तोंडातून एक कुरकुर नाही. पंधरा दिवसांनी नव्या कड्याचं काम निघालं. शेठनं बाहेरून एक माणूस आणला, त्याची वेटोळी साहेबांनी दोनदा परत केली. तिघींना बसवलं, तर त्या म्हणाल्या, आम्हाला ही वाट पाठ नाही, वाट हौसाबाईंची. शेवटी शेठ माझ्याकडं न बघता मला म्हणाले, "बायकोला सांग, सोमवारपासून ये म्हणावं."

घरी येऊन सांगितलं. ती म्हणाली, "येते. ताट घेऊन येते म्हनावं."

आमच्या लग्नातलं पितळी ताट होतं. सोमवारी तिनं ते यंत्राच्या खोलीच्या दाराशी स्टुलावर ठेवलं. आत जाणाऱ्यानं अंगावरचं सगळं लोखंड त्यात टाकायचं. पिना, चाव्या, पेन, कानकोरणी, काय असेल ते. पहिल्यांदा तिनं स्वतःच्या पिना टाकल्या. साहेबांनी घड्याळ टाकलं. मग शेठ आले आणि तसेच आत निघाले. ही दारात आडवी.

"शेठ, चाव्या."

"अगं, मी मालक आहे."

"ते लोहचुंबकाला ठावं हाय का?"

शेठ उभे राहिले. मला वाटलं, गेली पुन्हा नोकरी. मग ताटात खळकन आवाज झाला. त्या दिवसापासून ती खोली बंद होईपर्यंत कुणीही त्या ताटाला चुकवून आत गेलं नाही. पुढं मेहेंदळे साहेब दुसरीकडं गेले, यंत्र गेलं, ताट घरी आलं. त्यात ती भाकरीचं पीठ मळायची.

ती वाकडी पीन साहेबांनी तिला परत दिली होती. मी म्हणालो, टाकून दे, नवी घेऊ. टाकली नाही. दाताखाली धरून थोडी सरळ केली आणि परत मंगळसूत्राला लावली, सहावी म्हणून. नीट मिटायची नाही ती. रोज दोनदा मोजताना तिच्याशी अंगठा जरा थांबायचा.

हौसा गेली त्या रात्रीच कळंबोलीहून सुनीता आणि जावई आले होते. सवाष्ण गेली म्हणून बायकांनी मंगळसूत्र गळ्यातच ठेवलं. पिना मात्र सुनीतानं काढून माझ्या हातात दिल्या. मी मोजल्या. सहा.

रात्रीच सगळं उरकलं. सकाळी उठलो तर खाट बाहेर बोळात भिंतीला उभी केलेली. घरात माणसं बसायला जागा हवी म्हणून कुणीतरी काढली होती. अर्धी ताणलेली, अर्धी लोंबलेली. तिची गाठ तशीच होती. मी खाट आडवी केली आणि गाठ सोडायला बसलो. सुटेना. वाकडी पीन काढली आणि तिच्या टोकानं गाठ उकलली.

शेजारच्या काकू चहाची किटली घेऊन आल्या. "आबा, आवो सुतकात हे काय काढलंत? लोक काय म्हणतील? पयला चा घ्या."

"चहा नंतर," मी म्हणालो.

"आबा," सुनीता दारातून म्हणाली, "राहू दे ना आजच्या दिवस."

"काल राहू दे म्हणालो होतो. ये इकडं. ती बाजू धर."

ती आली. रडत रडतच खाली बसली आणि पट्टी धरली. मी ओढली. तिचा हात सुटला.

"सैल सोडू नको," मी म्हणालो. "हात सैल सोडला की गेलं."

मग तिनं नीट धरली. सहा पट्ट्या राहिल्या होत्या, हौसाच्या वाटेवरच्या सहा खुणा. बंधाऱ्यापासून पुढच्या खुणा मला सगळ्या पाठ नव्हत्या, पण शेवटची माहीत होती. आईचं दार आलं तेव्हा टोक आत दुमडलं आणि तीच पीन लावली. मिटेना. अंगठ्यानं दाबली, दाबून धरली, तेव्हा मिटली.

मग चहा घेतला.